तुळईखालून

"आजोबा, आधी तुम्ही बसा. मग मी."

भिंगरीने हुकूम सोडला तसे अण्णा चहाचा कप सांभाळत गाडीच्या मागच्या दाराने आत चढले आणि बाकावर टेकले. गाडी कुरकुरली, खाली झुकली, दाराची पायरी भिंगरीच्या आवाक्यात आली आणि एका उडीत ती आजोबांच्या शेजारी जाऊन बसली. बरेच दिवस संध्याकाळचा चहा असाच होत होता. आजोबांशिवाय नातीला ती पायरी जमत नसे, आणि नातीशिवाय आजोबांना चहा.

बाहेर तिचा बाबा स्टुलावर उभा होता. गाडीच्या छतावरून त्याने टेप जमिनीपर्यंत सोडली, आकडा अंगठ्याने पकडला आणि अंगठा तसाच दाबून धरत तो कारखान्याच्या दाराशी गेला. दारावर जाड लाकडी तुळई होती. तिच्याखाली टेप उभी करून त्याने एक डोळा मिटला.

"बसतंय!" तो ओरडला. "वर नखभर जागा राहतेय."

"नखभरच?" कपाटाच्या दारांना रंग देत जमिनीवर बसलेल्या त्याच्या बायकोने मान वर केली.

"नखभर म्हणजे आपल्या धंद्यात मैदान, सूनबाई," अण्णा गाडीतून म्हणाले.

कारखाना म्हणजे तरी काय, घराखालची एक लांबट खोली. तिथे अण्णांनी उभा जन्म टेबलं-खुर्च्या केल्या आणि आता मुलगा करत होता. दारावरची तुळई अण्णांनी तरुणपणी स्वतः चढवली होती, आणि तिच्यावरच वरची त्यांची खोली उभी होती. या कारखान्यात गेला हिवाळाभर गिऱ्हाइकांच्या खुर्च्या भिंतीला टेकून वाट बघत राहिल्या, कारण मधोमध ही गाडी ठाण मांडून होती.

गाडी पूर्वी एका फुलवाल्याची होती. अजूनही एखादी फट खरवडली की वाळलेली पाकळी निघे, आणि भिंगरी ती काडेपेटीत जपून ठेवी. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला सगळी गल्ली पाना म्हणत असे. तो इंजिन बघायला आला तेव्हा त्याने गाडीच्या पाठीवर थाप मारली आणि ती हलली तशी हसला.

"हिने जन्मभर फुलं वाहिली. ओझं म्हणजे काय ते हिला ठाऊकच नाही. माणूस बसला की नव्या नवरीसारखी मान खाली घालते."

"स्प्रिंगा बदलायच्या का?" मुलाने विचारलं.

"कशाला? चौघांना पुष्कळ आहेत." मग त्याने अण्णांकडे पाहिलं. "का तिघंच जाताय?"

"मला गाडी लागते," अण्णा म्हणाले.

हे खोटं नव्हतं. मुलाच्या लग्नालासुद्धा ते हातात लिंबू धरून, ते हुंगत पोहोचले होते आणि पोहोचल्यावर तासभर आडवे झाले होते. मुलाने विचारून झालं, सुनेने विचारून झालं, भिंगरीने तर त्यांच्यासाठी खिडकीजवळची जागाही राखून ठेवली. अण्णांचं उत्तर एकच. "उभी असते तोवर माझी आणि तिची मैत्री. चालायला लागली की तुमची."

सून शाळेत भूगोल शिकवत असे. नदी समुद्राला कशी मिळते हे ती दरवर्षी निळ्या खडूने फळ्यावर काढून दाखवी, आणि दरवर्षी एखादं पोर विचारी, "बाई, तुम्ही पाहिलंय?" तिने पाहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी भिंगरीचीही शाळा सुरू होणार, म्हणून बाईंनी मुख्याध्यापिकांच्या मागे लागून लागून एका ऋतूची रजा मिळवली होती, समुद्रापर्यंत जाऊन यायला. दाराचं माप घ्यायच्या आधीच मुलाने गाडीचं छत वीतभर उंच केलं होतं, त्याखाली भिंगरीपुरता माळा केला आणि माळ्याला पाटीएवढी खिडकी ठेवली. शेजारच्या शिवणकाकूंनी पडदे शिवून दिले. पडद्यांवर होड्या होत्या.

निघायचा दिवस ठरला त्या संध्याकाळी अण्णा कारखान्यात एकटेच उभे होते. कमरेचा पट्टा काढून त्यांनी तो ठोकळ्यावर ठेवला आणि टोच्याने त्याला एक भोक पाडलं.

"नवं भोक कशाला, आजोबा?" भिंगरी मागून आली.

"जुना झालाय. सैल पडतो."

काही दिवसांनी त्यांनी आणखी एक पाडलं.

तयारीच्या धांदलीत कुणाचं कुठे लक्ष नव्हतं. सुनेला एवढंच जाणवत होतं, की ती वाढायला गेली की अण्णा ताटावर हात आडवा धरतात. "पुरे. दुपारचं अजून जिरलं नाही." त्यांची जेवणाची सोय तिने शिवणकाकूंकडे लावून दिली तेव्हाही ते म्हणाले, "काकूंना सांग, माझं पाखराचं पोट आहे. उगाच पातेलं चढवू नका."

निघायच्या सकाळी सामान फुटपाथवर रचलं होतं. गाडी रस्त्यावर काढायची, सामान भरायचं आणि निघायचं. गल्लीतली माणसं खिडक्यांतून डोकावत होती. पाना तर दात घासता घासताच आला होता. सून गाडी चालवायला बसली आणि मुलगा दाराशी उभा राहून हातवारे करू लागला.

"ये... ये... सरळ ये... अगं थांब! थांब!"

खर्रर्र करून छत तुळईला टेकलं. पत्र्याचा पापुद्रा निघाला.

मुलाने स्टूल आणलं, टेप आणली, दोनदा मोजलं. चांगलं बोटभर अडत होतं.

"असं कसं होईल? मी मोजलं होतं. नखभर जागा होती." त्याने तिसऱ्यांदा मोजलं. "मी स्वतः मोजलं होतं!"

"दार उंच करता नाही येणार?" पानाने विचारलं.

"वर अण्णांची खोली आहे."

"मग छत उतरवा."

"उतरवून, कापून, परत बसवून..." मुलाने मनाशी हिशेब केला आणि बायकोकडे बघायचं टाळलं. "हिची रजा त्यातच जाईल."

 सुनेने इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसून राहिली. भिंगरीने पाठीवरची छोटी पिशवी काढली नाही, पण ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली.

अण्णा मागे वळले आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

तुळई कुठे चुकली आणि माप कुठे, हे त्यांना गाडी अडली त्याच क्षणी कळलं होतं. कळलं तेव्हा त्यांच्या खांद्यावरून काहीतरी उतरलं. म्हणजे आता नाही. निदान यंदा तरी नाही. पुढच्या वर्षी शाळा, मग काय, राहिलंच. साखर घालताना ते चक्क गुणगुणत होते. त्यांनी सवयीने दोन कप भरले, एक आपला आणि एक भिंगरीचा, अर्धा दुधाचा. कप घेऊन वळले तर भिंगरी काडेपेटी उघडून बसली होती. एकेक पाकळी काढून ती पायरीवर मांडत होती.

"काय करतेस?"

"ह्या समुद्रात टाकायच्या होत्या," ती म्हणाली. "पण आता इथेच ठेवते."

अण्णांनी कप खाली ठेवले. गुणगुणणं कधीच थांबलं होतं.

"अरे," त्यांनी मुलाला हाक मारली.  "तुझं माप बरोबर होतं. तू मोजलंस तेव्हा मी आत बसलो होतो."

मुलगा बघत राहिला. मग त्याने कपाळावर हात मारला, आणि पाना तोंडातल्या फेसासकट हसत सुटला.

"वा रे कारागीर! बापासकट माप घेतलंस!"

"चला, अण्णा, बसा बसा," सून स्टिअरिंगमागून ओरडली. तिचा आवाज एकदम लख्ख झाला होता. "भिंगरी, आजोबांना लिंबू दे!"

अण्णा चढले, नेहमीच्या बाकावर टेकले आणि लिंबू घेऊन भिंगरी त्यांच्या शेजारी बसली. गाडी कुरकुरली, झुकली. मुलगा स्टुलावरून तुळईपाशी डोळा लावून होता.

"हळू... हळू... थांब." त्याने पुन्हा पाहिलं. "नखभर अडतंय."

"आता नखभर अडतंय?" पाना म्हणाला. "तेव्हा नखभर जागा होती म्हणालास ना?"

"होती. अण्णा आणि भिंगरी त्याच जागी बसले होते. सगळं तेच आहे."

सून गाडीतून उतरली आणि मागच्या दाराशी आली. अण्णा लिंबू हुंगत ताठ बसले होते, जणू गाडी डोंगरच चढत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं. गळ्याशी सैल पडलेला सदरा पाहिला. मग पट्टा पाहिला, त्याची दोन नवी भोकं, आणि पुढे जीभ काढल्यासारखं लोंबणारं टोक.

"सगळं तेच नाहीये," ती हळूच म्हणाली.

अण्णांनी पट्ट्याचं टोक हाताखाली झाकलं. मुलगाही स्टुलावरून उतरून आला होता. त्याने बापाच्या मनगटाला हात लावला, लाकडाची जाडी बघावी तसा, आणि सोडून दिला.

"चाकातली हवा काढली तर निघेल," पाना म्हणाला. "पण भरायचा पंप दुरुस्तीला गेलाय."

"सामान भरू या?" मुलाने विचारलं.

"चार कपडे आणि दोन भांडी. त्याने काय वाकणार?"

"हवा नको नि सामान नको," सून म्हणाली. तिने रस्त्यावर येऊन खिडक्यांकडे तोंड केलं आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल असा आवाज लावला. "सगळ्यांनी खाली या! गाडीत बसायचंय!"

शिवणकाकू गळ्यातल्या टेपसकट आल्या. समोरचे दातांचे डॉक्टर पांढरा कोट घालून आले, आणि त्यांच्या मागोमाग दाढ ठणकणारा एक पेशंटही, कारण डॉक्टर नाहीत तर तो एकटा खुर्चीत बसून काय करणार? पाना ब्रश खिशात घालून चढला.

"जरा सरका, डॉक्टर."

"सरकतो, पण कोपर आवरा. माझ्याकडे आधीच एक पेशंट आहे."

"माझं वजन कुणाला सांगायचं नाही हं," शिवणकाकू पायरीवर पाय ठेवत म्हणाल्या.

"आपण कशाला सांगू? गाडीच सांगेल," पाना म्हणाला, आणि खरोखरच गाडी एक लांब उसासा टाकून खाली गेली. आत एवढा हशा उसळला की ती आणखी थोडी गेली.

भिंगरी आजोबांच्या मांडीवर होती. "मी पण वजन आहे ना?" तिने विचारलं.

"तुझ्यामुळेच निघणार," अण्णा म्हणाले.

मुलगा तुळईवर तळहात ठेवून उभा राहिला. गाडी इंचाइंचाने त्याच्या हाताखालून सरकली. छताची धार गेली, माळ्याची खिडकी गेली, मागचं टोक गेलं, आणि एकदम सगळ्यांच्या तोंडावर ऊन आलं. फुटपाथवर टाळ्या पडल्या. दाढवाल्या पेशंटनेही टाळ्या वाजवल्या.

"लागली का गाडी, अण्णा?" मुलाने विचारलं.

"थोडीशी." त्यांनी लिंबू खिशात ठेवलं. "पण प्रवास छान झाला."

एकेक जण उतरला तशी गाडी वर वर येत गेली. शेवटी अण्णा उतरले. सगळ्यांनी मिळून सामान चढवलं. मग पाना कमरेवर हात ठेवून दाराकडे बघत राहिला.

"काढली खरी. पण परत आल्यावर आत कशी घालणार?"

"हे सगळे असतीलच की," सून म्हणाली. ती अण्णांच्या पाया पडायला वाकली. उठताना तिने पट्ट्याच्या जुन्या भोकावर, झिजून रुंद झालेल्या पहिल्या भोकावर, बोट ठेवलं. "पण अण्णा, मापाला तुम्हीच लागणार. इथपर्यंत."

अण्णा पट्ट्याकडे बघत राहिले. "हं," ते म्हणाले.

गाडी निघाली. गल्लीच्या टोकाशी वळताना माळ्याच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि वळण संपेपर्यंत हलत राहिला.

संध्याकाळी अण्णांनी कारखाना झाडला. भिंतीला टेकलेल्या खुर्च्या मधोमध आणल्या, एकीचा डुगडुगता पाय पाचर मारून बसवला. चहा एकट्यानेच प्यायले. बरा लागला नाही, पण प्यायले. मग हात धुऊन शेजारी जेवायला गेले.

शिवणकाकूंनी पाखराएवढं वाढलं. ताट रिकामं झालं तेव्हा त्यांनी पुन्हा पळी उचलली खरी, पण ती पातेल्यावरच धरून ठेवली. त्यांना सांगून ठेवलेलं होतं. अण्णांचा हात आडवा यायची त्या वाट बघत होत्या.

हात आला नाही.

"वाढा," अण्णा ताट थोडं पुढे सरकवत म्हणाले. "तुळई काही वर सरकायची नाही."