चोविशीची चाकं

आठल्यांच्या घरात त्या सायकलला कुणी सायकल म्हणत नसे. ती ‘चोविशी’. अनंतरावांनी कॉलेजात असताना सेकंडहँड घेतलेली काळी, उंच, विलायती चोविशी. लग्नाआधी त्यांच्याकडे बघण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती, असं उल्काचं मत होतं आणि ते तिने कधी लपवलं नाही. ती स्वतः चोवीस वर्षांची असताना याच चोविशीच्या कॅरिअरवर बसून पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जायची. अनंतराव सायकल हळूहळू पुढे काढायचे, ती दोन पावलं पळायची आणि टुणकन उडी मारून आडवी बसायची. रस्त्यातल्या काकवांनी नाकं मुरडली की तिला जास्तच मजा यायची.

आता अनंतराव टेलिफोन खात्यातून आणि उल्का शाळेतून निवृत्त होऊन दोघं वारज्याच्या फ्लॅटमध्ये राहत होती. अनंतरावांनी चोविशी माळ्यावरून खाली काढली. सांगाडा, मडगार्डं, कॅरिअर, घंटा सगळं शाबूत होतं. चाकांचा मात्र गंजून भुगा झाला होता.

“एकदा चाकं मिळू देत,” ते म्हणाले, “लग्नाच्या वाढदिवसाला तुला डबलसीट घेऊन कालव्याच्या रस्त्याने फिरवून आणतो.”

उल्का लाजलीबिजली नाही, पण त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

चाकं काही मिळेनात. म्हणजे मिळत होती, पण अनंतरावांना पसंत पडत नव्हती. मुलगी बघायला गेलेली माणसंसुद्धा इतक्या खोड्या काढत नाहीत. एक चाक फार चकचकीत, दुसऱ्याला तारा कमी, तिसरं म्हणे सूतभर वाकडं. त्यात तळमजल्यावरचे श्यामसुंदर दामले तेल ओतायला हजर. त्यांच्या स्वतःच्या जुन्या सायकलीचा स्क्रूसुद्धा विलायती होता आणि हे ते ओळख नसलेल्यांनाही सांगत. “आठले, एक वेळ सायकल नसली तरी चालेल,” ते बजावत, “पण चुकीचं चाक लावू नका. लोक हसतील. लोक म्हणजे मी.”

तोवर सांगाडा हॉलमध्ये दोन स्टुलांवर विराजमान झाला होता, चाकांवर राहिला असता बरोबर तेवढ्या उंचीवर. एक दिवस अनंतराव भाजीला गेलेले पाहून उल्काने पदर खोचला आणि कॅरिअरकडे पाठ करून उभी राहिली. बसायला गेली, तर बूड काही वर पोचेना. चवड्यांवर उभी राहिली, तरी दोन बोटं कमीच. उडी मारायचं तर नावच नको. गेल्या दिवाळीत बसवलेला नवा गुडघा चालायला उत्तम होता, पण उडी म्हटली की तो शाळेतल्या शिपायासारखा जागचा हलत नसे. पाटावर चढून बसावं, तर सायकल कुणीतरी घट्ट धरून ठेवायला हवी. आणि चोविशीच्या दांडीवरून टांग टाकली की अनंतरावच आता चवड्यांवर डुगडुगत उभे राहणार.

तिला रडूच आलं. म्हणजे सायकल नटणार, हे मिरवणार, आणि आपण कडेला उभं राहून टाटा करणार. पण हे बोलायचं कसं? बिचाऱ्याने चाकासाठी अख्खं पुणं पालथं घातलं होतं. तिने पदर सोडला आणि कॅरिअरवरची धूळ पुसली.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी लोणी काळभोरला कुणाच्या तरी गोदामात अस्सल जोडी असल्याची बातमी आली आणि अनंतराव सकाळीच बस पकडून गेले. हात हलवत परत येणार याबद्दल उल्काला शंका नव्हती. तिला त्यांची दया आली. आपल्याला बसता नाही आलं तर नाही, निदान सायकल तरी उद्या रस्त्यावर येऊ दे. तिने रिक्षात सांगाडा घातला आणि कोपऱ्यावरच्या दत्तोबांचं दुकान गाठलं.

“चोविशीची चाकं हवीत. दोन.”

“चोवीसच ना, ताई?” दत्तोबांनी सांगाड्याकडे बघत डोकं खाजवलं. “न्हाय, सायकल लई उंच हाय, म्हनून इचारतो.”

“अहो, चाळीस वर्षं चोविशीच म्हणतोय आम्ही हिला!”

चाळीस वर्षांपुढे दत्तोबा काय बोलणार? त्यांनी चोवीस इंची चाकं बसवली, दोन पावलं मागे सरकून पाहिलं आणि म्हणाले, “बिरेक काय रिमला पोचंना, ताई. पर फिरतीया झ्याक.”

संध्याकाळी अनंतराव आले ते गळ्यात दोरीने दोन चाकं अडकवून. खरोखरीची अस्सल जोडी! आनंदाने त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. फाटकातून आत शिरले आणि थबकले. भिंतीला टेकून चोविशी उभी होती. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये मांजर निवांत झोपलं असतं एवढी जागा होती.

“हे काय आहे?”

“चोविशीची चोवीसची चाकं,” उल्का अभिमानाने म्हणाली. “उगाच गेलात लोणीला.”

“उल्का, चोवीस हे सांगाड्याचं माप! चाक अठ्ठावीसचं असतं! ही सायकल आहे की पाय मुडपून बसलेला उंट?”

उल्काने सायकलकडे पाहिलं. मग तिलाही तिच्यात उंट दिसला. आणि तिला जे हसू फुटलं ते थांबेना. इतकी वर्षं संसार केला आणि या दोनचाकी सवतीची उंचीसुद्धा माहीत नव्हती! अनंतराव आधी गंभीर राहिले, मग त्यांच्या मिश्या थरथरल्या, आणि शेवटी गळ्यात चाकं अडकवलेला तो सद्गृहस्थ पार्किंगमध्ये वाकून वाकून हसू लागला.

“काढून टाकतो उद्या,” डोळे पुसत ते म्हणाले. चाकं खाली ठेवून त्यांनी सहज सायकलवर टांग टाकली आणि खाली पाहिलं. दोन्ही तळपाय जमिनीला सपाट टेकले होते. सायकल जराही डुगडुगत नव्हती.

“अगं, ही दोन इंच खाली आली.”

दोन इंच! म्हणजे उल्काची दोन बोटं. ती मागे गेली, कॅरिअरकडे पाठ केली, आणि जेवायच्या खुर्चीत बसावं तशी बसली. नुसती बसली! पाट नाही, उडी नाही.

“अहो, बसले!” ती ओरडली. “बसता येणार नाही म्हणून मी महिनाभर झुरतेय, आणि बसले!”

अनंतरावांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. “महिनाभर? आणि मला सांगायला काय झालं होतं?”

“तुम्ही चाकं बघत होतात.”

त्यांनी अस्सल जोडीकडे एकदा डोळे भरून पाहून घेतलं, घंटा वाजवली आणि पायडल मारलं.

“अहो, पण वाढदिवस उद्या आहे!”

“उद्या पुन्हा जाऊ.”

चोविशी फाटकाबाहेर पडली. कालव्याच्या रस्त्याला किंचित उतार होता आणि ब्रेकला रिम सापडत नव्हती. अनंतराव “पाय लाव, पाय लाव!” ओरडत होते, चार चपला डांबरावर घासत होत्या, आणि चोवीस वर्षांची उल्का किंचाळून हसत होती. दोन काकवांनी नाकं मुरडली. एवढीच काय ती कसर राहिली होती.

कशीबशी वळवून परत आणली तेव्हा फाटकाशी दामले उभे होते. त्यांनी सायकल वरपासून खालपर्यंत पाहिली आणि कपाळाला हात लावला.

“अहो आठले, चाकं साफ चुकली तुमची!”

“चाकं अगदी बरोबर आहेत,” न थांबता अनंतराव म्हणाले. “सांगाडाच जरा मोठा निघाला.”

आणि त्यांनी सायकल पुन्हा रस्त्याकडे वळवली, तेव्हा कडेला उभ्या राहिलेल्या दामल्यांना उल्काने कॅरिअरवरून मनापासून टाटा केला.