अर्पिता घरी न्हाई

पिंपळगाव रेणुकाईत द्वारकाबाईइतकं चेहरा सरळ ठेवून खोटं बोलणारी दुसरी बाई नव्हती. दोन वर्षांत लेकीला बघायला आलेली सात स्थळं तिने दारातूनच परतवून लावली होती, तीही चहा पाजून. अर्पिताचं सांगणंच तसं होतं. "आई, पाहुणे आले की मी घरी न्हाई." एवढंच पोरीचं मागणं.

अर्पिता रस्त्यावरच्या सायकल शर्यती खेळायची, आणि येत्या फेब्रुवारीत बेल्जियममधला एक संघ तिला पगारावर घेणार होता. सायकल चालवायचा पगार भावकीला पटत नव्हता. द्वारकाबाईलाही त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण पोरगी घाटातून वाऱ्यासारखी उतरताना तिने एकदा पाहिली होती. हिला कुणी अडवायचं नाही, हे तिने तिथेच ठरवून टाकलं.

एकच काच होता, तपासणीचा. खेळाडूने ताकदीचं औषध तर घेतलं नाही ना, हे बघायला माणसं न सांगता दारात येतात. आपण कुठे सापडू ती जागा आणि तो तास खेळाडूने आधी कळवून ठेवायचा. अर्पिताने घरचा पत्ता आणि सकाळी सहा ते सात असं कळवलं होतं. वर्षात तीनदा सापडली नाही, तर औषधाचा थेंबही न घेता दोषी. दोनदा चुकलं होतं. एकदा ती चुलतभावाच्या लग्नाला गेली आणि कळवायचं विसरली, एकदा नाशिकहून येताना एसटी बंद पडली. आईला तिने हे सगळं बजावून सांगितलं होतं. पण द्वारकाबाईच्या मनात तपासणीवाले म्हणजे पांढरे कोट घातलेले, सुया घेतलेले दवाखान्यातले लोक होते.

त्या चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी राजूरहून तिच्या भावाचा, कल्याणचा फोन आला. घनसावंगीचे पाहुणे गणपतीला आलेत, सकाळी लवकरच तुमच्याकडे डोकावतील. अर्पिता शर्यतीहून थकून आली होती, आतल्या खोलीत कूलर लावून झोपली. तिला हे सांगायचीही द्वारकाबाईला गरज वाटली नाही.

सकाळी सहाला पांढरी गाडी लिंबाखाली थांबली. नीटनेटक्या साडीतली एक बाई आणि चष्मेवाला गृहस्थ उतरले. गृहस्थाच्या हातात चौकोनी डबा होता. पेढे, द्वारकाबाईने ओळखलं. गळ्यात ओळखपत्रं होती, पण हल्ली नोकरदार माणसं ती मिरवतातच.

"अर्पिता घरी आहे का?"

"न्हाई. ती तर पतियाळ्याला सरावाला गेल्ती, तिथंच हाय."

काम काय, तर ते फक्त तिलाच सांगता येईल म्हणाले. हे बाकी अतिच झालं, द्वारकाबाईच्या मनात आलं. मुलीशी थेट बोलणारी नव्या वळणाची मंडळी दिसतात. तिने चहा विचारला, ते नको म्हणाले. त्यांनी तिला पुन्हापुन्हा विचारलं, ती तितक्यांदा तेच बोलली. मग तासभर ते बाजेवर घड्याळ बघत बसले. सात वाजायला आले तेव्हा स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला अर्पिताचा फोन वाजला. कल्याणने यांना नंबरही दिला वाटतं, असं पुटपुटत तिने तो वाकळेच्या घडीत कोंबला. बरोबर सातला त्या बाईने कागदावर काही लिहिलं आणि गाडी निघून गेली.

आठला अर्पिता उठली, तेव्हा द्वारकाबाई हसत म्हणाली, "आठवं स्थळ परत लावलं बघ. पेढ्याचा डबा घेऊन आल्ते."

अर्पिताने डबा कसा होता ते विचारलं. मग फोन शोधला. मग ती खालीच बसली. घनसावंगीचे खरे पाहुणे दहाला आले, तेव्हाही ती तिथेच बसलेली होती.

सुनावणी मोबाइलवर झाली. द्वारकाबाईने पडद्यावरच्या तिघांना हात जोडून खरं ते सांगितलं. लेक आतच होती, खोटं मी बोलले, शिक्षा करायची तर मला करा. मधले साहेब सौम्यपणे म्हणाले, "बाई, सापडण्याची जबाबदारी खेळाडूची असते." आयुष्यात एवढं कळकळीने ती कधी खरं बोलली नव्हती आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. दोन वर्षांची बंदी आली. बेल्जियमचं पत्र रद्द झालं. पेपरात 'डोपिंग' एवढाच शब्द मोठा छापला आणि पोरगी सुया टोचून सायकल पळवायची, असं गावाने ठरवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं अर्पिताचे वडील दोन-तीनदा बोलले.

अर्पिता आईला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर द्वारकाबाईला सोसलं असतं. सायकल भिंतीला टेकून होती. द्वारकाबाई रोज पदराने तिची धूळ पुसायची, दुसरं काय करावं तिला सुचत नव्हतं.

दिवाळीनंतर कल्याणने पुन्हा स्थळ पाठवलं. आता नखरे करायचे दिवस न्हाईत, असं त्याने फोनवर सुनावलंही. पाहुणे दारात आले आणि मुलगी आहे ना घरी, असं त्यांनी विचारलं. द्वारकाबाईचा चेहरा सरळ होता. "न्हाई," ती म्हणाली, "अर्पिता घरी न्हाई."

मागे दार वाजलं. अर्पिता साडी नेसून, हातात पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"हाय," ती म्हणाली. "मी घरीच हाय."