डाव्या पायाचा अंगठा

चेंडू लिंबाएवढा, निळा, एका बाजूला चपटलेला — आणि तिच्या डाव्या तळव्याखाली तो सावकाश फिरत होता. सगळं वजन टाकायचं नाही, गुडघे ताणायचे नाहीत, जबडा सैल... व्यायामाच्या बाईंनी सांगितलेलं ती मनात घोकत होती, आणि घोकता घोकता जबडा आवळत होती. तिचं तिलाच हसू आलं. सैल व्हायचीसुद्धा घाई करणारी मीच.

गेलं वर्षभर वरच्या स्वराला काहीतरी आड येत होतं. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, घसा ठणठणीत आहे म्हणाले, आणि तिला रडूच कोसळलं — आजार असता तर औषध तरी असतं. उद्याच्या कार्यक्रमात स्वर लागला नाही तर गाणं बंद, हे तिने कोणाला न सांगता ठरवून टाकलं होतं. काल बाईंनी तिला गायला लावलं आणि गळ्याकडे ढुंकूनही न पाहता पायाशी बसून राहिल्या.

"वर जायच्या आधी तुमचा डावा अंगठा आवळतो," त्या म्हणाल्या. "काय धरून ठेवता?"

काय धरणार, म्हणून तिने विषय उडवून लावला होता. पण आत्ता अंगठा चेंडूला बिलगला — आणि स्टूल डुगडुगलं. लहानपणीचं, स्वयंपाकघरातलं, एक पाय आखूड असलेलं... पाहुणे आले की आई तिला त्यावर उभं करून गायला लावायची, कारण ही ठेंगणी, मागच्यांना दिसायची नाही. घामेजलेले पाय, अंगठ्याने पकडलेली फळीची कड, आणि वरचा स्वर जवळ आला की आईचे दटावणारे डोळे — हलू नकोस. ती कधी हललीच नाही. लोक म्हणायचे, काय स्थिर आवाज आहे पोरीचा. स्थिर कसला, पडायची भीती होती ती... आणि ती काढून टाकली तर मागे माझं काय उरणार?

शेजारच्या खोलीत आई आडवी झाली होती. ऐकू कमी येत असलं तरी लेकीचा सूर तिला भिंतीपलीकडूनही कळायचा. जरा हलला की ती काठी आपटायची.

तिने चेंडू बाजूला सारला. गार फरशीवर पाय टेकवले, अंगठा तसाच पसरू दिला आणि गायला लागली. वर जाताना तोल जातोय असं वाटलं — तिने तो जाऊ दिला. आवाज आला. रुंद, थोडा खरखरीत, अजिबात ओळखीचा नसलेला. याला लागणं म्हणायचं की नाही, ते तिला ठरवता येईना.

काठी वाजली नाही. मग आईचा आवाज आला, जरा बिचकत, परक्या माणसासमोर काढतात तसा.

"कोण आलंय गं? कोण गातंय?"

मीच, असं म्हणायला तिने तोंड उघडलं... आणि थांबली. अंगठा पुन्हा आवळू पाहत होता. एवढासा, नखाशी दबलेला, इतकी वर्षं एकटाच सगळं धरून राहिलेला. तिला त्याची दया आली, आईचीही आली. आणि उत्तर द्यायची घाई मात्र वाटेना.