ट्रॉम्बोनवरचे तीन ठिपके

मुलीची पाठवणी असली की कल्याणात राघो मास्तरांच्या बँडला मागणी यायची, आणि ती राघो मास्तरांमुळे नव्हे, काळुराम भोईरमुळे. नवरी उंबऱ्याबाहेर पडली की बाकीचा बँड गप्प बसे. मग काळुराम पुढे येऊन ट्रॉम्बोनवर निरोपाची धून वाजवी. पहिली ओळ संपेपर्यंत आई रडे, दुसरीला मावश्या, आणि तिसरीला बाप मांडवाच्या खांबाकडे तोंड फिरवून उभा राही. "काळुरामने रडवलं नाही असं लग्न दाखवा," असं राघो मास्तर गिऱ्हाइकाला सांगत. काळुराम तेव्हा नम्रपणे जमिनीकडे बघे, पण ऐकायला मात्र थांबे.

हे वाद्य त्याच्या हाती आलं ते लढाईच्या दिवसांत. कल्याणच्या लष्करी छावणीत तो पाणी भरायला होता. तिथल्या एका गोऱ्या सार्जंटने हौसेने त्याला फुंकायला शिकवलं, आणि छावणीचं सामान लिलावात निघालं तेव्हा काळुरामने बायकोच्या पाटल्या मोडून ट्रॉम्बोन घरी आणला. त्याला ना पेटीसारख्या पट्ट्या, ना सनईसारखी भोकं. एक लांब नळी पुढेमागे सरकवायची आणि सूर जिथे असेल तिथे जाऊन त्याला धरायचं. सार्जंटने सोयीसाठी वाद्याच्या दांडीवर लाल रंगाचे तीन ठिपके काढून दिले होते. नळी ठिपक्यापाशी आली की सूर बरोबर. कान वापरायची गरजच काळुरामला पडली नाही.

एकावन्न सालच्या वैशाखात डोंबिवलीला एक लग्न होतं. नवरी सुमती, तिचे वडील वाजवायच्या पेट्या दुरुस्त करणारे, आणि सासर कल्याणात पारनाक्याजवळ. पाठवणीची वेळ झाली. काळुराम पुढे आला, छाती भरून घेतली आणि धून सुरू केली. पहिल्या ओळीला नवरीची आई रडली. दुसऱ्या ओळीला नवरी हसली.

साधंसुधं नाही, पदर तोंडात कोंबून, खांदे गदगदा हलवून हसली. लोकांना आधी वाटलं हुंदका आहे. मग तिने पदर काढला, काळुरामकडे पाहिलं आणि पुन्हा फुटली. तिचं बघून करवल्या हसल्या, करवल्यांचं बघून मुलाकडची माणसं हसली, आणि शेवटी भटजींनीही उपरणं तोंडाला लावलं. काळुराम घामाने डबडबला, तरी त्याने धून पुरी केली. अर्ध्यात सोडणारा तो माणूस नव्हता.

ही बातमी वऱ्हाडाच्याही आधी कल्याणात पोचली. पुढच्या दोन लग्नांत काळुरामने ट्रॉम्बोन तोंडाला लावताच पोरीसोरी एकमेकींना कोपरखळ्या मारू लागल्या. राघो मास्तरांनी त्याला मागच्या रांगेत ढोलवाल्याशेजारी उभं केलं.

"नुसता भों भों कर रे काळू. धून क्लॅरनेटवाला वाजवेल."

"मास्तर, मी सोलो वाजवणारा माणूस!"

"म्हणूनच सांगतो. सध्या कोणाच्या नजरेत येऊ नको."

चार दिवस काळुराम जेवणावर राग काढत राहिला. पाचव्या दिवशी ट्रॉम्बोन काखेत मारून तो थेट पारनाक्याला सुमतीच्या सासरी जाऊन उभा राहिला. अंगणात सासूबाई, रखमाबाई, पापड वाळत घालत होत्या.

"सूनबाईंना एक विचारायचंय," काळुराम म्हणाला. "त्या माझ्यावर का हसल्या?"

रखमाबाईंनी हाक मारली. सुमती बाहेर आली, त्याला बघून आधी घाबरली, मग शरमली.

"काका, माफ करा. तुमच्यावर नाही हसले. पण तुमचा गंधार इतका उतरलेला होता, की मला वाटलं कुणाची तरी म्हैस सासरी निघालीय."

"काय उतरला होता?"

"सूर. घरी दिवसभर पेट्यांचे सूर जुळवताना ऐकायचे ना मी, त्यामुळे लगेच कळतं."

"आणि आजवर इतक्या नवऱ्या रडल्या, त्या?"

"काका, त्या रडणारच होत्या," सुमती हळूच म्हणाली. "तुम्ही नसता वाजवलं तरी."

हे मात्र काळुरामला लागलं. म्हैस परवडली असती. तिला खोटं पाडायला त्याने तिथेच ट्रॉम्बोन काढला. सुमतीने माहेरची पेटी आणून एक पट्टी दाबून धरली. काळुरामने नळी ठिपक्यावर नेऊन फुंकलं. दोन सूर एका पिंजऱ्यात घातलेल्या मांजरांसारखे भांडले. आतल्या खोलीत निजलेले सुमतीचे सासरे उठून बसले. नळी झटक्याने मागे घ्यावी तर त्याने ती पुढे ढकलली आणि ती रखमाबाईंच्या पापडांत गेली.

घरी येऊन त्याने ट्रॉम्बोन उजेडात धरला. ठिपके तर होते. पण सार्जंटचे ठिपके मसुराएवढे होते. हे वाटाण्याएवढे होते.

"गंगू! हे ठिपके कोनी काढले?"

गंगूबाई चुलीपुढून उठलीच नाही. "दिवालीला चिंचेनं घासला तवा निघाले. तुमी वरडाल म्हून मीच काढले. छत्रीवर नाव घालाचा रंग होता ना, त्यानं."

"अगं, पण कुठं काढायचे ते तुला कसं कळलं?"

"बरं दिसंल तिथं काढले," गंगूबाई म्हणाली. "आधीचे सरल रेघंत पन नव्हते."

काळुरामने ओरडायला तोंड उघडलं, मग बोटांवर हिशेब केला. सहा महिने, चौदा लग्नं, आणि त्याला स्वतःला पत्ता लागला नव्हता. बायकोला काय बोलणार? त्याने घासलेट आणि चिंधी घेतली आणि तिन्ही ठिपके पुसून टाकले.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पारनाक्याला गेला. या खेपेला हात जोडून.

"वैनी, मला सूर ऐकायला शिकवा."

सुमतीने सासूकडे पाहिलं. रखमाबाईंनी अटी घातल्या: दुपारची झोप झाल्यावर यायचं, तोंड विहिरीकडे करून वाजवायचं, आणि पापड असतील त्या दिवशी यायचंच नाही. तसं सुरू झालं. सुमती स्वयंपाकघराच्या खिडकीत पेटी घेऊन बसे आणि एक सूर धरे. अंगणात काळुराम अंधारात खुंटी चाचपावी तशी नळी सरकवत तो शोधे. चाळिशीच्या माणसाला, तेही आख्ख्या आळीच्या देखत, हे सोपं नव्हतं. पहिल्या पावसाळ्यात दोनदा त्याने सोडून द्यायचं ठरवलं. पण घरी बसलं की गंगूबाई विचारी, "पुन्हा ठिपके काढून देऊ का?" आणि तो निमूट उठे.

गंमत म्हणजे ऐकून ऐकून रखमाबाईंचाही कान तयार झाला. भाजी चिरता चिरता त्या मान वर न करता म्हणत, "उतरला." काळुराम नळी जराशी मागे घेई. "हां. आता राहा तिथेच."

त्रेपन्नच्या मार्गशीर्षात ठाण्याला एक लग्न होतं. क्लॅरनेटवाल्याचा ओठ सुजला होता, म्हणून राघो मास्तरांनी नाइलाजाने काळुरामला पुढे बोलावलं. त्याने डोळे मिटले आणि वाजवलं. कोणी हसलं नाही. कोणी रडलंही नाही. वऱ्हाडाची बस सुरू होती. ड्रायव्हरने हात लांब करून इंजिन बंद केलं. नवरीचा बाप हातातला नारळ कोणाला द्यायचा ते विसरला. धून संपली तरी मंडळी तशीच उभी होती, आणि शेवटी नवरीच पुढे येऊन म्हणाली, "अजून एकदा वाजवाल?"

पाठवणी थांबवून नवरीनेच पुन्हा वाजवायला सांगितल्याचं राघो मास्तरांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. कल्याणला उतरल्यावर ते काळुरामला म्हणाले, "माझ्या पोरांना शिकवशील का?"

काळुरामने शिकवायला घेतलं, पण जागा बदलली नाही. रखमाबाईंच्याच अंगणात आठवड्यातून तीन दुपारी सातआठ जण विहिरीकडे तोंड करून उभे राहत. खिडकीत सुमती मांडीवर मुलगी घेऊन पेटी धरून बसे, आणि त्यांच्या डाव्या हाताच्या ओट्यावरून रखमाबाई ज्याचा सूर उतरेल त्याला नावानिशी सांगत. काळुरामपेक्षा विद्यार्थी त्यांनाच जास्त भीत. छप्पन सालापर्यंत त्यातले तिघे गिरण्यांच्या बँडात लागले. त्यातल्या एकाच्या बँडमास्तरला एक कोडं कधी उलगडलं नाही: हा माणूस इतका सुरेल वाजवतो, मग प्रत्येक लांब सुरानंतर घाबरून डावीकडे का बघतो?