तुळजाजींची संमती

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत बसून सेतुमाधव एक अख्खा देश सांभाळायचा, हे कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी त्याला ताक पाजून झोपवलं असतं. पण होतं खरं. देश म्हणजे पॅसिफिक महासागरातलं ताहुमे बेट, आणि सांभाळणं म्हणजे त्या देशाच्या इंटरनेट-पत्त्यांमागं लागणारं दोन अक्षरांचं शेपूट. तिथलं इस्पितळ, बंदर, वादळाच्या सूचना, सगळ्यांचे पत्ते त्या शेपटाला लटकलेले. ते ज्याच्या हातात, त्याचंच बेट ऐकणार.

शेपूट घरात आलं थोरल्या भावामुळं. तुळजाजी त्या बेटावर गणित शिकवायचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अशी शेपटं अमेरिकेतून निव्वळ विश्वासावर मिळत. एक ई-मेल लिहायचं, दोन नावं द्यायची: एक कारभारी, एक पत्त्यांची यादी ठेवणारं यंत्र बघणारा. कारभारी तुळजाजी झाला, यंत्र धाकट्याकडं आलं. पुढं तुळजाजी घरी परतला आणि दोन हजार चार साली वारला.

नाव मात्र तसंच राहिलं. विजेचं कार्ड अजून आजोबांच्या नावावर, ओरत्तनाडूच्या शेताचा पट्टा, म्हणजे मालकीचा कागद, पणजोबांच्या. थोरल्याचं नाव कागदावरून पुसणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा जाळणं, अशी या घरांची समजूत. शेपटं वाटणाऱ्या अमेरिकेतल्या मुख्य कचेरीची विचारणा आली की सेतुमाधव भावाच्या पत्त्यावरून 'ठीक आहे' लिहून मोकळा व्हायचा. तो ई-मेलचा पत्ता ज्या जुन्या इंटरनेट-नावावर होता, त्याचं नूतनीकरण एका वर्षी राहून गेलं, आणि ते नाव, त्यावर येणाऱ्या भावाच्या टपालासकट, कुणीतरी उचललं. मग दोन वर्षं विचारणाच आली नाही. त्याला बरंच वाटलं.

यंदा पोंगल होऊन महिना झाला आणि मुख्य कचेरीचं पत्र आलं: कारभारी तुळजाजी यांनी ताहुमेचं शेपूट एका नव्या कंपनीला द्यायला संमती दिली आहे.

तुळजाजीची बायको सरस्वती डवऱ्यात, पेल्याखालच्या पसरट वाटीत, कॉफी ओतत होती.

"वैनी, दादानं पत्र लिहिलंय."

"बरं झालं. जिवंतपणी माझ्या एका पत्राला उत्तर दिलं नाही. आता इंग्रजीत लिहितात होय?"

"थट्टा नव्हे. कुणीतरी दादा होऊन बसलंय."

"मग सांग की त्यांना, माणूस मेलाय म्हणून."

"विचारतील, वीस वर्षं त्याच्या नावानं होकार कोण देत होतं. मलाही काढतील."

"काढू देत. तू काय बेटाचा राजा आहेस?"

सेतुमाधवनं सगळं कबूल करून लिहिलं, भावाच्या मृत्यूचा दाखला जोडला. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला उत्तर आलं. फार नम्र उत्तर. तुळजाजींशी आम्ही कालच व्हिडिओवर बोललो, प्रकृती उत्तम आहे. सोबत चित्र.

वैनीनं चष्मा लावला. तेच नाक, कपाळावरचा तोच व्रण. पाठीमागं याच घराच्या ओसरीचा निळा खांब.

"हा खांब आपण या पोंगलला निळा केला," ती हळू म्हणाली. "त्यांनी कुठं बघितला?"

दोघांनी ओसरीकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

पत्रात खाली आणखी चार ओळी होत्या. तुळजाजींनी आपल्या धाकट्या भावाच्या मृत्यूचा दाखला पाठवला आहे. आमच्या सहवेदना. हस्तांतर पूर्ण झालं असून भावाचं खातं बंद केलं आहे. आपण कोण, ते कळवावं.

सेतुमाधवनं घाईनं बंदराचं पान उघडलं. 'समुद्र शांत, बोटी सोडाव्यात.' उपग्रहाच्या चित्रात बेटाच्या उशालाच वादळाचा पांढरा भोवरा फिरत होता. तिथं संध्याकाळ होत आली होती. बोटी याच वेळी निघतात. जुन्या वहीतून नंबर काढून त्यानं फोन लावला. बंदरावरच्या बाईनं उचलला.

"बोटी थांबवा. ते पान खोटं आहे, वादळ येतंय."

"तुम्ही कोण?"

"सेतुमाधव. तंजावूरहून."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

"सेतुमाधव वारले. त्यांच्या भावानं कळवलंय."

"मी बोलतोय ना, बाई."

"त्यांनी हेही लिहिलंय," ती म्हणाली, "की भावाच्या नावानं कुणीतरी फोन करील."

तिच्या मागं बोटींची इंजिनं एकेक करून सुरू होत होती.