रुमालाखाली गेलेला दीड तास

एक होता काचेच्या कारखान्यातला भट्टीवाला. एक होती त्याची बायको. एक होता त्यांचा पस्तिशीचा मुलगा, हातात बापाची कला असून पोती उचलणारा. आणि एक होती कारखान्यांचा इतिहास लिहिणारी अभ्यासक पोरगी. तिच्या पिशवीत मी. मी टेपरेकॉर्डर बोलतोय. मला अक्षरओळख नाही, पण कानी पडलेलं मी विसरत नाही. निदान तशी माझी ख्याती होती.

त्या घरी आम्ही गेलो ते एका डागापायी. काचेची भट्टी कधी विझू द्यायची नसते. विझली की आतल्या काचेचा दगड होतो आणि भट्टी कायमची जाते. ती भट्टी अठरा वर्षांपूर्वी विझली, कारखाना बंद पडला, दोनशे चुली थंडावल्या. मालकांनी काढलेल्या गौरवग्रंथात एका ओळीत निकाल होता : भट्टीवाला कामावर झोपला. तेव्हापासून सोबतचे कामगार त्याला पाहून रस्ता बदलत. मुलगा दुसऱ्या कारखान्यात काम मागायला गेला की विचारत, "कुणाचा तू?" उत्तर ऐकलं की भट्टीची जागा भरलेली असायची.

पोरीला तिच्या सरांची शिकवण होती : यंत्र नजरेआड ठेव, माणूस मोकळा बोलतो. म्हणून ती मला चालू करायची आणि वर रुमाल टाकायची.

म्हातारा हळूहळू खुलला. तेवढ्यात बायकोने विचारलं, "गोळी घेतलीत का?"

"पाहुण्यांसमोर माझी हजेरी घेऊ नकोस."

"हजेरीच घेते. कालची गोळी उशीखाली सापडली."

म्हातारा हसला. "पोरी, हे घरचं भांडण. तुझ्या डब्यात नको."

पोरीने रुमालावरूनच माझं थांबायचं बटण दाबलं. भांडण मिटलं, म्हातारा पुढे सरकून भट्टी विझली त्या दिवसाबद्दल सांगू लागला, आणि ते बटण परत सोडायचं राहून गेलं. रुमाल कुणी उचलला नाही. दीड तास तो बोलला. मध्ये एकदा रडला. माझा लाल दिवा लागलेला, चाकं मात्र थांबलेली. माझ्यापुढे ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. ओरडून सांगावं तर माझी जीभ म्हणजे पोटातली टेपची पट्टी, आणि ती कोरी.

माझ्या भरवशावर पोरीने वहीसुद्धा उघडली नव्हती. पंधरा दिवसांनी ती लिहायला बसली. 'तुझ्या डब्यात नको' इथपर्यंत आवाज आला, पुढे शुकशुकाट. तिने मला उलटंपालटं केलं, हलवलं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

सर म्हणाले, "तुला आठवतं म्हणून तो इतिहास होत नाही. आवाज आण, नाहीतर कागद."

परत गेलो तर म्हाताऱ्याची एक बाजू लुळी पडलेली, वाचा गेलेली. पोरगी उंबऱ्यातच थांबली. "आजी, माझ्याकडून घात झाला. ते बोलले त्यातलं काही उतरलंच नाही."

"म्हणजे ह्यांनी अठरा वर्षांनी तोंड उघडलं, ते वाऱ्यावर गेलं?"

"हो."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. म्हातारा आमच्याकडेच बघत होता.

म्हातारीने पाट पुढे सरकवला. म्हणाली, "बस. मी काय भिंत होते होय? सुईत दोरा ओवत होते, कान उघडेच होते. आणि त्या आठवड्यात ह्यांचा डबा घेऊन मीच फाटकाशी जायचे. कोळशाच्या दोन गाड्या माझ्यादेखत परत फिरल्या. ह्यांनी उरलासुरला कोळसा पुरवून पुरवून घातला, मग लाकडी खोकी फोडून घातली. पहारेकऱ्याची वही शोध. तो शिंकला तरी वेळ लिहून ठेवायचा."

या खेपेला पोरीने रुमाल बाहेरच काढला नाही.

कारखान्याचे कागद एका गोदामात गठ्ठ्यांनी पडले होते. तीन आठवडे ती धूळ खात बसली, तेव्हा फाटकाची वही हाती लागली. दोन्ही गाड्या, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, आणि पुढे : 'मोठ्या साहेबांच्या हुकमाने परत.' खाली साहेबांची, म्हणजे मालकांचीच, सही. मालकांना कारखाना गुंडाळायचाच होता. दोष ठेवायला एक डोकं हवं होतं.

सरांनी पान दोनदा वाचलं, चष्मा काढला. "रुमालाची शिकवण माझी होती," ते म्हणाले. "ती आधी खोडून टाक."

प्रबंध मान्य झाला. पोरीने त्यातलं या भट्टीचं प्रकरण जुन्या कामगारांच्या सभेत वाचून दाखवलं. मी टेबलावर होतो, मान खाली घालून. खरं बोलली ती वही. म्हाताऱ्याचा आवाज, तो रडला तिथला, आता कुठेच नाही. तो मी गमावला. आज मी विद्यापीठाच्या कपाटात आहे. माझ्यासारख्याला घेऊन कुणाच्या दारी गेलात, तर एवढं करा : माझी चाकं फिरताहेत का, ते अधूनमधून बघत जा.

पण गोष्ट माझ्यापाशी संपत नाही. पोरीने मला सांगितलं ते असं. सभेच्या दुसऱ्या दिवशी दहा-बारा म्हातारे त्या दारात आले आणि आपापल्या चपलांकडे बघत उभे राहिले.

"दादा, आम्ही चुकलो."

भट्टीवाल्याने चांगल्या हाताने खाटेवर थोपटलं.

"अठरा वर्षं रस्ता बदललात," म्हातारी म्हणाली, "आता उंबऱ्याशी काय अडलंय? या आत."

त्यातला एकजण नव्या काचकारखान्यात भट्टी सांभाळत होता. जाता जाता म्हणाला, "वहिनी, सोमवारी मुलाला माझ्याकडे पाठवा. भट्टीवर."

सोमवारी संध्याकाळी मुलगा घरी आला, त्याने बापाच्या हातात आपल्या भट्टीतली एक बाटली ठेवली. म्हाताऱ्याने ती उजेडाकडे धरली, फिरवून फिरवून पाहिली आणि काचेत राहून गेलेल्या एका बुडबुड्यावर त्याच हाताचा अंगठा ठेवला.

"उद्या नसेल," मुलगा म्हणाला.