वालाच्या डब्यातल्या गोळ्या

डोळे मिटायला मी सांगणार नाही, कारण मिटलेल्या डोळ्यांनी वाचता येत नाही. उघड्या डोळ्यांनीच कल्पना कर. जुलै महिना आहे. निडी गावाच्या खालच्या शेतांत लावणी चालली आहे आणि तुझे पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात आहेत. चिखल बोटांच्या मधून वर येतो, गार आणि मऊ. आता तुझ्या टाचेला एक बारीक भेग आहे असं समज. आणि असंही समज, की याच बांधावरून उंदीर हिंडून गेलेत, त्यांची लघवी शेतातल्या पाण्यात मिसळली आहे आणि त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू आहेत. ते भेगेतून आत शिरतात. काही दिवसांनी ताप येतो. त्या तापाला लेप्टो म्हणतात.

आणखी एक कल्पना कर, ही शेवटची. तुझ्या हातावर कुणीतरी दोन गोळ्या ठेवल्या. तुला ताप नाही, काही दुखत नाही, भूकही चांगली लागते आहे. त्या गोळ्या तू खाशील, की ठेवून देशील?

लगेच उत्तर देऊ नकोस. आधी गोष्ट ऐक.

गोष्ट हेमांगीची आहे आणि सुरभीची. हेमांगी पेणची. तिचे आजोबा शिक्षक, आईवडीलही शिक्षक. घरची शेती होती, पण ती दुसऱ्यांना कसायला दिलेली, त्यामुळे भात तिने ताटातच पाहिलेला. ती मुंबईला सार्वजनिक आरोग्य या विषयात एम. पी. एच. करत होती. शेवटच्या वर्षी प्रबंध लिहावा लागतो. तिने प्रश्न निवडला तो असा: लावणीच्या दिवसांत लेप्टो होऊ नये म्हणून गावोगाव गोळ्या वाटतात, पण लोक त्या खातात का? त्यासाठी ती आठवड्यातले तीन दिवस पेणहून सकाळच्या गाडीने निडीला उतरायची. मी निडीचा जुना मास्तर; दुपारी ती आमच्याकडे जेवायची आणि मग आमच्याच ओटीवर बसून फॉर्म भरायची, म्हणून मला हे सगळं ठाऊक आहे.

पहिल्याच दिवशी ती सुरभीच्या घरी गेली. सुरभी पाचवीत. तिची आजी बायजा ओटीवर पाय पसरून टाचांना कोकमाचं तेल लावत होती.

"डॉक्टर हायेस का गो?" बायजाआजीने विचारलं.

"नाही, आजी."

"मंग नर्स?"

"नर्सही नाही."

"मास्तरीण?"

"मास्तरीण माझी आई."

"मंग तू शिकतेस तरी काय?"

हेमांगी म्हणाली, "डॉक्टर आजारी माणसाला बघतात. मी आजारी नसलेल्यांना बघते. ते आजारी पडू नयेत म्हणून काय करायचं, ते शिकते."

"म्हंजे मी धडधाकट हाय म्हणून तू माझ्याकडं आलीस?"

"हो."

"बरी हाय ही डिग्री," बायजाआजी म्हणाली. "पेशंट दगावायची भीतीच नाय."

हेमांगी इतकी हसली, की तिच्या मांडीवरचे फॉर्म खाली पडले. सुरभीने ते गोळा करून दिले. त्या दिवसापासून शाळा सुटली की सुरभी तिच्याबरोबर फिरू लागली. कुठल्या घरचा कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठल्या घरचा खरंच चावतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

हेमांगीच्या पुस्तकात लिहिलं होतं, की शेतात काम करताना गमबूट घालावेत. बायका का घालत नाहीत हे तिला कळेना. तेव्हा तिने पेणच्या बाजारातून गमबुटांचा जोड घेतला, तो घातला आणि स्वतःच लावणीत उतरली. दोन पावलं नीट गेली. तिसऱ्या पावलाला पाय वर आला, बूट खालीच राहिला आणि हेमांगी चिखलात बसली.

"बूट लावलास गो?" शेजारच्या वाफ्यातून धोंडुबाई म्हणाली. "राहू दे तिथंच. दसऱ्यापर्यंत लोंब्या येतील त्याला."

हेमांगीने मोजे काढले आणि अनवाणी बांधावर येऊन वहीत लिहिलं: बूट चिखलात राहतो, पाय बाहेर येतो. त्याखाली तिने एक रेघ मारली. मी ती वही पाहिली आहे. त्या पानावर अजून चिखलाचा अंगठा आहे.

म्हणजे बूट जमत नाहीत. मग राहिल्या गोळ्या. दर सोमवारी आरोग्य खात्याच्या आशाताई घरोघरी जाऊन दोन दोन गोळ्या देत. मंगळवारी, बुधवारी हेमांगी जायची आणि विचारायची, "गोळ्या घेतल्या का?"

"घेतल्या," बायजाआजी म्हणायची.

"घेतल्या गो, कवाच," धोंडुबाई म्हणायची.

लावणीला जाणाऱ्या एकशे बारा बायकांची नावं तिच्या यादीत होती. एकशे नऊ जणी घेतल्या म्हणाल्या.

बायजाआजी 'घेतल्या' म्हणायची तेव्हा सुरभी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायची. तिने पाहिलं होतं. सोमवारी आशाताई वळणापलीकडे गेल्या, की आजी माजघरात जायची, फळीवरचा पत्र्याचा डबा उतरवायची आणि गोळ्या त्यात ठेवून झाकण घट्ट लावायची. डबा बियाण्याच्या वालाचा. भात निघाल्यावर आमच्याकडे त्याच शेतात वाल पेरतात. पुढच्या पेरणीसाठी निवडून ठेवलेले दाणे राख लावून अशा डब्यात भरतात. तो डबा घरात दुसरं कुणी उघडत नाही.

सुरभीला भीती वाटायची. शेजारच्या जनूकाकाला गेल्या श्रावणात असाच ताप आला होता. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले. रोह्याला नेलं, तिथून अलिबागला. महिन्याभराने तो परत आला, पण अजून चार पावलं चालला की बांधावर बसून दम खातो. आणि आजीच्या टाचांच्या भेगा अशा, की त्यात तांदळाचा दाणा बसावा. त्या टाचा रोज सकाळपासून पाण्यात. पण आजी खोटं बोलते, हे बाहेरच्या माणसाला सांगायचं कसं? सुरभीने चार सोमवार ही गोष्ट पोटात ठेवली.

चौथ्या बुधवारी हेमांगीने आमच्या ओटीवर शेवटचा फॉर्म भरला आणि गठ्ठ्याला दोरी बांधली.

"झालं, सुरभी. शंभरातल्या सत्त्याण्णव बायका गोळ्या घेतात. तुझं गाव सगळ्यांत वर येणार बघ. एवढ्या गोळ्या कुठेच घेत नाहीत."

सुरभी दोरीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग हळूच म्हणाली, "ताई, गोळी वालात ठेवली तर खराब होते का?"

हेमांगीचा हात गाठीवर तसाच राहिला.

दुसरी कुणी असती तर विचारलं असतं, कुणी ठेवली, नाव सांग. हेमांगीने नाव विचारलं नाही.

"किती दिवस ठेवलेली?" तिने विचारलं.

"चार सोमवार."

हेमांगीने त्या गठ्ठ्याकडे पाहिलं. महिन्याभराची पायपीट होती ती. प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरले होते. ती तो गठ्ठा तसाच घेऊन गेली असती तर कुणालाही काही कळलं नसतं, आणि पदवी वेळेवर मिळाली असती. तिने दोरी सोडली, फोन काढला आणि आमच्यासमोरच तिच्या सरांना लावला.

"सर, माझे आकडे चुकलेत. एका घरात गोळ्या नुसत्या ठेवून दिल्यात, तर बाकीच्या घरांचं काय सांगावं? मला पुन्हा सगळ्या घरी जावं लागेल." पलीकडून सर बरंच काही बोलले. "हो, यंदाची मुदत हुकेल, माहीत आहे. पण हे आकडे छापले तर आरोग्य खातं म्हणेल, निडीत सगळं ठीक आहे. आणि ठीक नाहीये, सर." मग थोडं थांबून, "नाही, त्यांना खोटारड्या म्हणू नका. मी पावसात भिजत पेणहून येते. मला नाही कसं म्हणायचं, म्हणून त्या हो म्हणाल्या. मी प्रश्नच असा विचारला, की चांगल्या माणसाने हो म्हणावं."

मी चाळीस वर्षं शिकवलं. चूक दुसऱ्याने दाखवल्यावर ती मान्य करणारी मुलं बरीच पाहिली. दहा वर्षांच्या मुलीच्या एका प्रश्नावर महिन्याभराचं काम बाजूला ठेवणारी हीच एक.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर हेमांगी आशाताईंना घेऊन बायजाआजीच्या ओटीवर गेली. मीही होतो. सुरभीचे वडील हरेश कंपनीत शिफ्टला गेले होते. हेमांगीने डब्याचं नाव काढलं नाही. तिने रंगीत तक्ता उलगडला आणि जंतू कसा आत जातो, गोळी त्याला कशी अडवते, हे सगळं नीट समजावलं.

"व्हय, व्हय," बायजाआजी मान हलवत म्हणाली.

सुरभीने ओळखलं. हे व्हय तेच होतं, दर बुधवारचं. ती उठली, माजघरात गेली आणि पत्र्याचा डबा पोटाशी धरून बाहेर आली.

"ठेव तो जागेवर," बायजाआजी म्हणाली.

सुरभीने डबा ओटीवर ठेवला. झाकण उघडलं. आत राखेने करडे झालेले वाल. तिने मनगटापर्यंत हात घातला आणि फडक्याची एक लहान पुरचुंडी वर काढली. आत आठ गोळ्या होत्या. आशाताईंनी कपाळाला हात लावला.

"माझं वय झालं," बायजाआजी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मी कशाला खाऊ? हरेशला ताप आला तर? हिला आला तर? जनूच्या घरात येळेला एक गोळी नव्हती. माझ्या घरात हायेत."

सुरभीला हे ठाऊक नव्हतं. चार आठवडे तिला वाटत होतं, की आजीला गोळीची चव आवडत नाही. ती आजीला चिकटून बसली. राखेचा हात तिच्याच परकरावर उमटला. मग तिने डब्यातले चार दाणे आजीच्या तळहातावर ठेवले.

"आजी, ह्यांना राख कधी लावलीस गो?"

"आता हे काय मधेच? फाल्गुनात. वाल वाळल्यावर."

"तेव्हा कीड होती?"

"कीड कशी असंल? कीड लागल्यावर राख लावून काय..." बायजाआजी थांबली. तिने हातातल्या दाण्यांकडे पाहिलं, मग पुरचुंडीकडे, मग आपल्या टाचांकडे. हेमांगीने तक्ता हळूच गुंडाळून ठेवला. पुढे ती मला म्हणाली, "दोन वर्षं जाडजाड पुस्तकं वाचून जे मला सांगता आलं नाही, ते ह्या मुलीने डबा उघडून विचारलं."

"आण हिकडं," बायजाआजी म्हणाली. "आठच्या आठ खाते."

"नको, आजी, दोनच," हेमांगी घाईने म्हणाली. "आणि ह्या नाही, ह्यांना ओल लागली असेल. आशाताई नव्या देतील. आणि घरात कुणालाही ताप आला, तर डबा उघडायचा नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा."

"डबा काय वालाचा राहिलाच नाय आता," बायजाआजी पुटपुटली. "सगळ्या गावाने बघितला."

सुरभीने तांब्या भरून आणला. बायजाआजीने एक गोळी गिळली, मग दुसरी, आणि सबंध तांब्या संपवला. सुरभी तिच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"काय बघतेस? तोंड उघडून दाखवू?"

"दाखव," सुरभी म्हणाली.

आणि बायजाआजीने खरंच तोंड उघडून दाखवलं.

आता यादीतल्या एकशे अकरा जणी उरल्या होत्या. मंगळवारी सकाळी, न्याहारी करून बायका शेतावर निघायच्या आधी, हेमांगी नवे कोरे फॉर्म घेऊन पहिल्या आळीत शिरली. ह्या वेळी प्रश्न वेगळा लिहिला होता: उरलेल्या गोळ्या दाखवाल का? पण तो वाचायला तिने कागद उलटला तोच दारातून धोंडुबाई म्हणाली, "घेतल्या गो, कवाच."

त्या हसऱ्या चेहऱ्यापुढे हेमांगीच्या तोंडून नवा प्रश्नही निघेना.

तिच्यामागून सुरभी पुढे आली. अंगावर शाळेचा गणवेश, पाठीला दप्तर आणि हातात काठोकाठ भरलेला घरचा तांब्या. तिने तो धोंडुबाईच्या पायरीवर सांडू न देता ठेवला, चपला काढल्या आणि आत पाऊल टाकत म्हणाली, "धोंडुआजी, तुझा वालाचा डबा कुठं हाय?"